चकव्यात सापडलेला वाचक : अवघड भयकादंबरी आणि तिचे वाचन

मराठी वाचक भयकथेला एक प्रश्न विचारतो आणि प्रायोगिक कादंबरीला दुसरा. पहिलीबद्दल तो विचारतो, 'भीती वाटली का?' दुसरीबद्दल, 'कळली का?' हे दोन्ही प्रश्न एकाच पुस्तकाला विचारण्याची वेळ आपल्याकडे फारशी येत नाही. ही पुस्तके वाचनालयात वेगवेगळ्या कपाटांत असतात आणि बहुधा वेगवेगळी माणसे ती घरी नेतात. समीक्षेनेही ही वाटणी निमूट मान्य केली आहे. नारायण धारप लोकप्रिय, चिं. त्र्यं. खानोलकर वाङ्मयीन. धारपांवर लिहायचे तर शाळकरी वयातल्या आठवणी लिहायच्या, खानोलकरांवर लिहायचे तर 'नियती' हा शब्द वापरायचा. खानोलकर वाचताना अंगावर काटा येतो, हे साधे विधान मी समीक्षेत क्वचितच वाचले आहे.

मग जी कादंबरी भीतीही घालते आणि वाचकाची दमछाकही करते, तिच्यापुढे वाचक नेमके काय करतो? तो कंटाळतो, चिडतो, पाने उलटतो, पुस्तक मिटतो. या प्रतिक्रियांना आपण नापसंती म्हणून बाजूला सारतो. मला त्यांच्याकडे पुरावा म्हणून पाहायचे आहे.

आधी सामग्रीविषयी. नाशिकची वाचनालयांची परंपरा जुनी. सार्वजनिक वाचनालय १८४० सालचे, आणि 'ग्रंथ तुमच्या दारी'च्या पेट्या तर नाशिकहून निघून परदेशातल्या मराठी घरांपर्यंत गेल्या. माझी सामग्री मात्र फार लहान जागेतली आहे. मी इंदिरानगरात राहते. रथचक्र चौकाच्या अलीकडचे एक खासगी वाचनालय काही वर्षांपूर्वी बंद झाले, तेव्हा तिथली चाळीसेक पुस्तके मी घरी आणली. त्यांच्या समासांत अनोळखी वाचकांनी पेन्सिलीने लिहून ठेवलेले शेरे आहेत. दुसरी सामग्री म्हणजे जॉगिंग ट्रॅकवर सकाळी भेटणारे आम्ही सातआठ जण. गेल्या दीड वर्षात आम्ही काही पुस्तके हातोहात फिरवली आणि त्यांवर बोललो. हे सर्वेक्षण नव्हे. आकडे काढावेत एवढी माणसेही नव्हती.

समासातले शेरे हा मराठी वाचनाचा एक न नोंदलेला इतिहास आहे. कथा-कादंबऱ्यांवर ते असतातच, पण भयकथांवर विशेष असतात. माझ्याकडच्या धारपांच्या एका पुस्तकात पहिल्याच पानावर कुणीतरी बजावले आहे की रात्री वाचू नये. त्याखाली वेगळ्या अक्षरात उत्तर आहे, 'रात्रीच वाचा.' आणखी एका प्रतीत, संकट टळते त्या ओळीपाशी, एकच शब्द आहे : 'सुटलो.' पण मला सर्वांत मोलाचा वाटतो तो एका जुन्या कथासंग्रहातला शेरा. कथेत अमावास्या आहे आणि चारपाच पानांनंतर चांदणे पडते. तिथे वाचकाने ओळीखाली दोन रेघा मारून लिहिले आहे, 'अमावास्येला चंद्र कसा?'

या वाचकाला भूत चालते, पिशाच चालते, पण पंचांग चुकलेले चालत नाही. यात विसंगती काहीच नाही. भयकथेचा करारच तसा आहे. अनंत अंतरकरांच्या 'नवल'पासून हा करार मराठीत पक्का होत गेला. अशक्य गोष्ट एकच असावी, बाकी सगळे चोख असावे, आणि सांगणारा माणूस भरवशाचा असावा. विज्ञानाचे शिक्षण घेतलेल्या धारपांना (१९२५–२००८) हे नीट उमगले होते. त्यांच्या समर्थकथांमध्ये समर्थ सर्वज्ञ आहेत, पण कथा सांगतात अप्पा. ते मध्यमवर्गीय, सरळ, थोडे घाबरट आणि अजिबात कल्पक नसलेले. शेरलॉक होम्सला डॉ. वॉटसन जसा, तसेच हे. अप्पांनी पाहिले म्हणजे पाहिले. आपल्या घरी बसून ऐकलेल्या भुताच्या गोष्टीतही 'माझ्या सख्ख्या मामाने पाहिलंय' हे वाक्य आधी येते आणि भूत मागून येते. भयकथेत भुतापेक्षा साक्षीदार महत्त्वाचा असतो.

याचा एक परिणाम असा की कथा परकी असली तरी वाचकाचे फारसे बिघडत नाही. धारपांची 'लुचाई' स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'वर बेतलेली, 'शपथ' ही 'इट'वर. हे कळल्यावर समीक्षक धारपांना कमी लेखतात. आमच्या गटातले धारपप्रेमी मात्र खांदे उडवतात. गाव आपले, बोलणे आपले, साक्षीदार आपला. मग मूळ कुठले का असेना! मला त्यांचे म्हणणे निम्मे पटते. साक्षीदार बदलणे हे भयकथेत वाटते तेवढे किरकोळ काम नाही.

आता 'कोंडुरा' (१९६६). वेंगुर्ल्याजवळ वायंगणीला कोंडुरा नावाची खरी जागा आहे. तिथे समुद्र कातळाच्या कपारीत घुसतो आणि आतून घुमतो. खानोलकरांनी त्या आवाजाला एक पुरुष दिला. घरच्या अपमानाने बाहेर पडलेल्या परशुरामतात्याला कोंडुरा भेटतो, सिद्धी देतो, ब्रह्मचर्याची अट घालतो आणि गर्भ पाडणारी मुळी हाती ठेवतो. पुढे गावात देवीचा संचार, देवळाचा जीर्णोद्धार, संशय आणि विनाश. ही सामग्री भयकथेचीच आहे. धारपांच्या हाती ती आली असती तर पहिल्या प्रकरणात अप्पा समुद्रावर हजर असते.

खानोलकर तिथे कुणालाच उभे करत नाहीत. कोंडुरा भेटला हे सांगणारा माणूस एकच, ज्याला तो भेटला तोच. माझ्याकडच्या वाचनालयाच्या प्रतीत या भेटीच्या पानावर बारीक अक्षरात तीन शब्द आहेत : 'खरंच भेटला का?' पुढे वीसपंचवीस पाने नुसती प्रश्नचिन्हे आहेत. त्यानंतर पेन्सिल थांबते. वाचन थांबले की केवळ लिहिणे, हे कसे कळणार? आमच्या गटात एका निवृत्त मुख्याध्यापकांनी कादंबरी पूर्ण वाचली आणि म्हणाले, 'मला काही ती कळली नाही.' मी विचारले, 'सर, काय कळलं नाही?' त्यांनी कथानक बिनचूक सांगितले. मग जरा थांबून म्हणाले, 'हा माणूस वेडा आहे की सिद्ध, ते लेखकाने सांगितलंच नाही. मला दोन रात्री नीट झोप लागली नाही.'

म्हणजे कादंबरी त्यांना कळली होती. ते घाबरले होते. पण वाङ्मयीन कपाटातल्या पुस्तकाने आपण घाबरलो असे म्हणायची सोय नसल्यामुळे ते 'कळली नाही' म्हणाले. मराठीत 'दुर्बोध' हा शब्द मर्ढेकरांच्या काळापासून इतक्या पुस्तकांवर मारला गेला आहे, की त्यातल्या किती ठिकाणी तो अस्वस्थतेचा सभ्य पर्याय होता हे एकदा तपासायला हवे. खानोलकरांना १९७८चा साहित्य अकादमी पुरस्कार मरणोत्तर मिळाला, तो 'नक्षत्रांचे देणे' या कवितासंग्रहासाठी. त्याच वर्षी श्याम बेनेगलांनी 'कोंडुरा' हिंदीत आणि तेलुगूत पडद्यावर आणली, कथा आंध्रात नेली. चित्रपट चांगला आहे. पण कोंडुरा म्हणून अमरीश पुरी समोर उभे राहिले की 'खरंच भेटला का' हा प्रश्न निम्मा मिटतो. कॅमेरा नकळत अप्पांचे काम करतो.

साक्षीदाराचा भरवसा काढून घेण्याची ही रीत तशी नवी नाही. हेन्री जेम्सच्या 'द टर्न ऑफ द स्क्रू'मध्ये (१८९८) भुते फक्त मुलांना सांभाळणाऱ्या शिक्षिकेलाच दिसतात, असे मानायला भरपूर जागा आहे. १९३४मध्ये एडमंड विल्सनने ती तिच्याच मनातली आहेत असे मांडले आणि तिथून वाचकांच्या दोन फळ्या पडल्या त्या पडल्याच. पण जेम्सची कादंबरिका निदान वाचायला सलग आहे. डॅनिएलेव्स्कीने तीही सोय ठेवली नाही.

'हाऊस ऑफ लीव्ह्ज' (२०००) ही मार्क डॅनिएलेव्स्की या अमेरिकन लेखकाची पहिली कादंबरी, सातशेहून अधिक पानांची. तिचा गाभा दोन वाक्यांत सांगता येतो. व्हर्जिनियातल्या एका घरात नेव्हिडसन नावाचा वृत्तछायाचित्रकार कुटुंबासह राहायला येतो आणि घराचे आतले माप बाहेरच्या मापापेक्षा पाव इंचाने जास्त भरते. पुढे दिवाणखान्याच्या भिंतीत एक दार उघडते आणि आत अंधारी, थंड, बदलत राहणारी, न संपणारी दालने असतात. (इंदिरानगरातल्या सदनिकाधारकाला हे वाचून आधी हसू येते. आमच्याकडे घर कागदावर मोठे आणि आतून लहान असते.)

पण ही कथा आपल्याला थेट मिळत नाही. नेव्हिडसनने घरावर एक माहितीपट केला. त्या माहितीपटावर झँपानो नावाच्या म्हाताऱ्याने प्रबंधवजा लिखाण केले. तो मेल्यावर ते कागद जॉनी ट्रूअंट या लॉस एंजेलिसमधल्या, टॅटूच्या दुकानात उमेदवारी करणाऱ्या तरुणाच्या हाती लागले. त्याने तळटीपा जोडल्या. त्यावर अनाम संपादकांनी आणखी टीपा जोडल्या. आता साक्षीदार मोजू. झँपानो आंधळा होता. ज्या माहितीपटाविषयी तो लिहितो तो अस्तित्वातच नाही, असे जॉनी सुरुवातीलाच सांगतो. आणि जॉनी स्वतः एका तळटीपेत कबूल करतो की मजकुरातल्या एका क्षुल्लक जागी, पाणी तापवायच्या बंबाच्या उल्लेखात, त्याने आपल्या पदरचा एक शब्द घुसवला. एकच शब्द, पण एक घुसवला असेल तर आणखी किती? चार साक्षीदार आहेत आणि एकाचीही सही चालणार नाही.

या पुस्तकाची मांडणी प्रसिद्ध आहे. 'घर' या अर्थाचा शब्द दर वेळी निळ्या शाईत. चक्रव्यूहाच्या प्रकरणात टीपा आडव्या, उलट्या, आरपार. एका चौकटीत घरात काय काय नाही याची यादी, आणि पान उलटले की तीच यादी आरशातल्यासारखी. इमारतींच्या, छायाचित्रकारांच्या नावांच्या याद्या. सुटकेच्या प्रकरणात पानावर चारदोन शब्द, त्यामुळे हात धावत सुटतो. (मराठी अनुवादकाने यावर जरूर विचार करावा. 'घर' निळे केले तर 'घरातल्या'मध्ये निळा रंग कुठे थांबवायचा?)

माझ्या भाच्याची प्रत आम्ही फिरवली. शेवटपर्यंत वाचणारे आम्ही तिघे. मुख्याध्यापक चक्रव्यूहाच्या प्रकरणात थांबले आणि या वेळी ते चिडले होते. तळटीपांतले संदर्भ खरे असतील असे धरून त्यांनी त्यांतले कितीतरी शोधले होते. काही लेखक खरे निघाले, पण त्यांची पुस्तके खोटी. काही सगळेच खोटे. 'टीप खोटी असेल तर ती द्यायची कशाला? ही वाचकाची फसवणूक आहे.' अमावास्येच्या चंद्राखाली रेघा मारणाऱ्या वाचकाचाच हा आवाज होता. गटातल्या डॉक्टरीणबाईंनी जॉनीच्या टीपा सरसकट गाळल्या, फक्त घराची कथा वाचली आणि 'छान आहे, पण धारपांइतकी नाही' असा निकाल दिला. मला तो रास्त वाटतो. तळटीपा गाळल्या की उरते ती एक बरी, करार पाळणारी भयकथा. संगणक क्षेत्रातला आमचा तरुण मित्र जॉनीच्या आईने मनोरुग्णालयातून लिहिलेल्या पत्रांतली सांकेतिक लिपी सोडवत बसला. तो सर्वांत खूश होता आणि सर्वांत कमी घाबरला. हेही स्वाभाविक. सांकेतिक लिपी सुटते यातच कुणीतरी अर्थ ठेवून गेला आहे याची हमी असते. हमी मिळाली की भय संपते. कादंबरीतली ही कोडी हा तिचा दुबळा भाग आहे, असे माझे मत आहे. जॉनीच्या रात्रीच्या भटकंतीची वर्णने हा दुसरा. अवघडपणाचा प्रत्येक गुंता अर्थपूर्ण असतो असे मानणारे वाचक मला मुख्याध्यापकांपेक्षा भाबडे वाटतात.

तरीही मुख्याध्यापकांची चीड आणि ज्यांना हे पुस्तक रात्री घरात नकोसे होते त्यांची भीती, या दोन्ही एकाच यंत्रणेच्या प्रतिक्रिया आहेत, असे मला म्हणायचे आहे. इथे आपल्याकडची एक जुनी संकल्पना उपयोगी पडते. भरताने भयानक हा रस सांगितला, त्याचा स्थायीभाव भय. अभिनवगुप्ताने 'अभिनवभारती'त रसप्रतीतीच्या आड येणारी सात विघ्ने मोजली. त्यांत प्रतीतीच्या उपायांचे वैकल्य, म्हणजे जाणून घेण्याची साधनेच अपुरी असणे. स्फुटत्वाचा अभाव, म्हणजे अस्पष्टता. आणि संशययोग, ही तीन आहेत. काय चालले आहे ते धड दिसले नाही, कळले नाही, खात्री वाटली नाही, तर रस सिद्ध होत नाही. समर्थकथा ही विघ्ने कसोशीने दूर करतात. 'हाऊस ऑफ लीव्ह्ज' हीच विघ्ने गोळा करून त्यांचाच विभाव बनवते. साधने अपुरी आहेत, मजकूर अस्फुट आहे, संशय पानोपानी आहे, आणि भिण्याचे कारण तेच आहे. दालनांत काय आहे हे महत्त्वाचे नाही. दालने मोजणारा दोर खोटा आहे हे महत्त्वाचे. ज्या वाचकाला हे विघ्न म्हणूनच जाणवते तो पुस्तक मिटतो. ज्याला ते विभाव म्हणून जाणवते तो दिवा लावून झोपतो.

आणखी एक गोष्ट. अभिनवगुप्त भयानकाचे उदाहरण देतो ते शाकुंतलातल्या भेदरलेल्या हरणाचे. तिथे भय हरणाचे राहत नाही, माझेही होत नाही, ते साधारण होते. स्वतःचे भय हे त्याच्या मते पुन्हा विघ्नच. डॅनिएलेव्स्की मात्र वाचकाला स्वतःच्या भयाकडे ढकलतो. पुस्तक फिरवून धरा, आरसा आणा, मागे जा, टीप शोधा अशी कामे लावून तो वाचकाला प्रेक्षागृहातून उठवतो. अशा भयाला रस म्हणावे का, यावर शास्त्रज्ञांनी वाद घालावा. माझा कौल नाही म्हणण्याकडे झुकतो. पण नाही म्हटल्याने ते भय कमी होत नाही.

याला आपल्याकडे एक नाव आहे, आणि ते शास्त्रातले नाही. चकवा. मुंजा, हडळ, खवीस यांना रूप आहे, कहाणी आहे, तोडगा आहे. चकव्याला काहीच नाही. रोजच्या पायवाटेने रात्री घरी निघालेला माणूस त्याच झाडापाशी पुन्हा पुन्हा येतो. कुणी दिसत नाही, कुणी काही करत नाही. वाट तीच असते आणि पोहोचवत नाही. जुनी माणसे सांगतात की चकवा लागला की चालायचे थांबावे, उजाडेपर्यंत बसून राहावे. माझ्या मते 'हाऊस ऑफ लीव्ह्ज' वाचणाऱ्यांत जे तरले ते असे बसून राहणारे होते. उत्तर शोधण्याचा हट्ट सोडून त्यांनी एकेक पान जसे आले तसे घेतले.

कादंबरीने स्वतःच्या वाचकांची सोयही आतच करून ठेवली आहे, ही गंमत सांगायला हवी. नेव्हिडसनची जोडीदार कॅरन त्या माहितीपटाचा तुकडा घेऊन नामवंतांकडे जाते आणि त्यांना विचारते, 'तुम्हाला काय वाटलं?' स्टीफन किंग, स्टॅनली कुब्रिक, झाक देरिदा अशी खरी नावे, अर्थातच काल्पनिक मुलाखती. प्रत्येक जण आपापल्या विषयाची री ओढतो. घरातल्या बाईला घाबरायला झाले आहे, ही साधी गोष्ट बहुतेकांच्या बोलण्यात हरवते. समीक्षकांची इतकी नेमकी थट्टा मी दुसरीकडे वाचलेली नाही, आणि मी इथे अभिनवगुप्त काढून तीच री ओढली आहे, याची मला कल्पना आहे.

मराठीत असे काही होईल का, हा प्रश्न गटात निघालाच. भयकथेतून आलेल्या हृषीकेश गुप्ते यांची 'दंशकाल' ही दोन कपाटांच्या मधली भिंत पाडायला निघालेली कादंबरी आहे, असे मी म्हणेन. मात्र तिथे निवेदन वाचकाचा हात सोडत नाही. कागदपत्रांचा चकवा रचायचा तर आपल्याकडे सामग्रीची वाण नाही. सातबारा, फेरफार, वाटणीपत्र, कुलवृत्तांत, शंभर वर्षांच्या हरकती. एकेका वाड्यामागे झँपानोच्या ट्रंकेइतके कागद निघतील.

हे सुचले ते आमच्यातल्या एका बाईंच्या बोलण्यावरून. त्या मोजणी खात्यातून निवृत्त झाल्या आहेत. इंग्रजी वाचनाची सवय नसल्यामुळे त्यांनी शब्दकोश शेजारी ठेवून, रोज थोडी पाने, असे पाच महिने हे पुस्तक वाचले. शेवटपर्यंत वाचणाऱ्या तिघांपैकी त्या एक, आणि खरोखर घाबरलेल्या बहुधा त्या एकट्याच. दालने, अंधार, आतली गुरगुर यांचे त्यांना विशेष वाटले नाही. नेव्हिडसन, त्याचा जुळा भाऊ टॉम आणि इंजिनिअर मित्र अधिकाधिक चांगली साधने आणून भिंती मोजत राहतात आणि फरक जात नाही, त्या पानांशी त्या थांबल्या होत्या.

'मोजणीत चूक असली तर आम्ही पुन्हा मोजायचो,' त्या म्हणाल्या. 'पण आतलं माप बरोबर, बाहेरचं माप बरोबर, आणि दोन्ही जुळत नाहीत. मग त्या नकाशावर सही कोण करणार, ताई?'